कंदील जळत होता

तिसगाव,
१२ फेब्रुवारी १९७३

चि. सरवरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र येऊन वर्ष झालं, म्हणजे तू नगरात सुखात आहेस असं मी धरून चालतो. अडचणीत सापडलेली मुलंच जुन्या मास्तरला वेळेवर पत्र लिहितात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू डेमॉन्स्ट्रेटर झालीस हेसुद्धा मला तुझ्या अब्बांकडून कळलं. नागझरी साखर कारखान्याच्या शाळेत सात वर्षं तुला शिकवून हे फळ मिळालं म्हणायचं.

आता कामाचं बोलतो. आमच्या गोरखच्या नावाने काकूने आणि मी जे पारितोषिक ठेवलं आहे, त्याचं हे तिसरं वर्ष. उमेदवार पंचविशीच्या आतला, आपल्या जिल्ह्यातला आणि रसायनशास्त्रातला हवा. प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला हवा, निबंध मराठीत हवा, आणि त्याचा आपल्याकडच्या माणसांना काही उपयोग व्हायला हवा. पदक तर आहेच, पण खरा लाभ म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला मिळतं. गोरखचे प्राध्यापक तिथे आहेत, निबंधही तेच तपासतात. पहिल्या वर्षीच्या विजेत्याने साबणावर लिहिलं होतं. पुस्तकातून इतकं जसंच्या तसं उचललं होतं की पुस्तकातल्या चुकाही आल्या होत्या. दुसऱ्या वर्षीचा बरा होता, पण त्याची वाक्यं संपत नसत.

तुझी काकू मला सारखी विचारते, नबीलालची पोर का लिहीत नाही. तिला काय उत्तर देऊ? येत्या सहा मेला गोरखला जाऊन चार वर्षं होतील. कारखान्याच्या टाकीत कोसळलेल्या पुंजारामला काढायला तो उतरला आणि दोघंही वर आले नाहीत. दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्या केमिस्टचं नाव त्या पदकावर आहे, ते एखाद्या खऱ्या केमिस्टच्या गळ्यात पडावं एवढीच आमची इच्छा आहे. काकू दरवर्षी ते आणल्यावर दोन दिवस देवापुढे ठेवते आणि मगच देऊ देते.

इकडे पाण्याचे हाल आहेत. टँकर आला की गाव शहाणं होतं, नाही आला की भांडतं. निबंध मार्चच्या दहा तारखेच्या आत पाठव. आळस केलास तर नगरला येऊन कान धरीन, तिथे तुझे विद्यार्थी बघत असले तरी.

तुझा,
राधाकृष्ण लवांडे गुरुजी


अहमदनगर,
४ मार्च १९७३

आदरणीय गुरुजींस,
सरवरीचा सलाम आणि नमस्कार.

तुम्ही यायची गरज नाही, माझे कान मीच धरले आहेत. निबंध आज रजिस्टरने पाठवला.

बंद टाकीतली विषारी हवा ओळखणारी कागदाची पट्टी, असा विषय आहे. साचलेल्या घाणीत सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू तयार होतो. शिशाच्या एका क्षाराच्या पाण्यात गाळणकागद भिजवून वाळवला, तर तो वायू लागताच पांढरा कागद काळा पडतो. यात नवं काही नाही, पुस्तकांत ते केव्हाचं आहे. मी एवढंच पाहिलं की ही पट्टी आपल्याकडच्या उन्हात किती टिकते, आणि दोरीला बांधून खाली सोडली तर अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती कशी वाचता येईल. हा वायू मोठा लबाड आहे, गुरुजी. थोडा असला की नाक मुरडावं लागतं, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं वास गेला, आता हरकत नाही.

तिसरं कलम कंदिलाबद्दल आहे. आपल्याकडे विहिरीत किंवा टाकीत माणूस उतरवण्याआधी कंदील सोडतात. कंदील विझला तर कोणी उतरत नाही. कोंदलेली हवा त्याने कळते, ती रीत खरी आहे. पण हा वायू कंदील विझवत नाही. माणूस मरेल इतका वायू असला तरी कंदील खुशाल जळत राहतो. म्हणून कंदिलाबरोबर पट्टीही सोडावी असं मी लिहिलं आहे, आणि पुराव्यादाखल एका कारखान्यातली हकिकत दिली आहे. ते कलम तुम्ही सवडीने आणि एकट्याने वाचा. काकूंना मोठ्याने वाचून दाखवू नका, एवढी माझी विनंती आहे.

अब्बा बरे आहेत. मुकादमकी चालू आहे, गुडघे कुरकुरतात म्हणतात. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितला आहे.

तुमची,
सरवरी नबीलाल तांबोळी


तिसगाव,
१५ मार्च १९७३

चि. सरवरीस,
आशीर्वाद.

पुण्याहून निकाल आला. तुझा पहिला नंबर आहे, आणि दुसऱ्याला बराच मागे टाकून. प्राध्यापक लिहितात की हा निबंध छापून प्रत्येक कारखान्यात वाटला पाहिजे. वाचून माझी छाती फुगली. मग मी तिसरं कलम वाचलं.

'एका कारखान्यातील तरुण केमिस्टने कंदील जळत असल्याचे पाहून कामगारास खाली उतरविले. कामगार कोसळल्यावर केमिस्ट स्वतः उतरला व दोघेही दगावले.' कारखान्याचं नाव गाळलं म्हणजे बापाला मुलगा ओळखू येणार नाही, असं तुला वाटलं का?

काय झालं ते माझ्याकडून ऐक. पुंजाराम स्वभावानेच घायकुता होता. कंदील यायच्या आधीच तो शिडीवरून खाली गेला. गोरखने हाक मारली, त्याने ऐकलं नाही. तो पडला तेव्हा गोरख कसलाही विचार न करता मागून उतरला. हे मला कोणी सांगितलं? तुझ्या अब्बांनी. दहाव्याला माझ्या ओसरीवर बसून, माझा हात हातात धरून. चौकशीतही त्यांनी हेच सांगितलं. त्या टाकीवर हजर असलेला तिसरा माणूस तेवढाच, आणि जिवंत राहिलेलाही तोच. मग तू ही हकिकत आणलीस कुठून? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तू लहानपणी कधी करत नव्हतीस.

त्या चौकशीनंतर कारखान्याने टाकीवर पाटी लावली, 'कंदील उतरवून पाहिल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.' गोरख गेला, पण निदान ती पाटी मागे राहिली, असं मी चार वर्षं मनाला सांगत आलो. आता तू म्हणतेस ती पाटीच चूक आहे.

तिसरं कलम काढून टाक. कंदिलाचं शास्त्र दोन ओळींत राहू दे, हकिकत नको. तशी संमती दोन ओळींत कळव. पदक तुझं, पुणंही तुझं. या विषयावर मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

राधाकृष्ण लवांडे


अहमदनगर,
२५ मार्च १९७३

आदरणीय गुरुजींस,
सलाम.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच. ते आणायला मी नागझरीला जाऊन आले.

आधी हे सांगते की हकिकत मी हवेतून घेतली नव्हती. बकरी ईदला घरी गेले तेव्हा पट्टीचा प्रयोग मी हौसेने अब्बांना दाखवला. कंदील जळतोय आणि पट्टी काळी पडतेय, हे पाहताच ते ताटावरून उठून गेले. अम्मीने मग दबक्या आवाजात सांगितलं की त्या दिवशी कंदिलाची दोरी त्यांच्याच हातात होती. मी तेवढ्यावर लिहिलं. तुमचं पत्र आल्यावर मात्र अब्बांना समोर बसवून विचारलं. आधी ते चिडले, पुण्याला जायची संधी आलीये तर गप जा म्हणाले. मी हलले नाही. मग जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्या जिभेचा दोष राहणार नाही.

"कंदील जळत व्हता. सायबांनी वाकून पाह्यलं, पुंजारामाला म्हनले, जा, हवा चांगली हाय. त्यो गेला. खाली टेकला आन तसाच बसला, हाक मारली तर वर बी बघंना. सायेब लगेच शिडीला लागले. म्या म्हनलं, जाऊ नगा. ते म्हनले, मीच धाडलाय त्याला."

तुम्हाला वेगळं का सांगितलं, हेही मी विचारलं. ते म्हणाले, गुरुजींचा हात बर्फासारखा गार होता, त्या हाताला कसं सांगायचं की तुमच्याच पोराने धाडला? पुंजारामला आता काय लागतंय, असं तेव्हा त्यांना वाटलं. एकदा ओसरीवर बोलले ते मग चौकशीतही बोलावं लागलं.

पुंजारामला काही लागत नसेल, पण त्याची छबूबाई जिवंत आहे. नवऱ्याच्या घाईपायी देवमाणूस गेला, असं कॉलनीतली माणसं तिच्या तोंडावर म्हणतात. हळदीकुंकवाला ती जाऊ शकत नाही ते वेगळंच, पण बारशाला, जावळालाही तिला कोणी बोलवत नाही. अब्बा तिला लांबून पाहिलं तरी रस्ता बदलतात.

आणि गुरुजी, आता सगळ्यात महत्त्वाचं. उसाअभावी कारखाना यंदा लवकर बंद झाला. मशिनरीसाठी पाणी साठवायला जागा हवी, म्हणून चार वर्षं झाकून ठेवलेली तीच टाकी उघडून साफ करायची ठरली आहे. तळाला जुना गाळ तसाच आहे. मुकादम म्हणून पहिला उतरणार माझा बाप, आणि हवा पाहणार ती पाटी म्हणते तशी कंदिलाने. चौकशीत खरं लिहिलं असतं तर ती पाटी लागलीच नसती.

तिसरं कलम मी काढू शकत नाही. तुम्ही मॅनेजरांना एक पत्र लिहा. मी मुकादमाची पोर, माझं कोण ऐकणार? गोरखदादांच्या वडिलांचं ऐकतील.

तुमची,
सरवरी


तिसगाव,
३१ मार्च १९७३

सरवरीस,

पत्र पोचलं. सोबत निबंध परत पाठवत आहे. यंदाचं पारितोषिक दुसऱ्या उमेदवाराला द्यावं असं मी पुण्याला कळवत आहे.

तुझे अब्बा ओसरीवर खरं बोलले की तुझ्यासमोर, ते मी ठरवू शकत नाही. एकाच माणसाच्या दोन जबान्या आहेत. मी चार वर्षं ज्या जबानीवर जगलो ती मला पुरेशी आहे.

तुझ्या काकूचं तुला काय माहीत? पहिलं वर्षभर ती बोललीच नाही. पारितोषिकाचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा तिने मला विचारलं, पदकावर काय लिहायचं. 'दुसऱ्यासाठी प्राण देणारा', हे शब्द तिचे आहेत. सही करण्यापुरतं लिहिता येणाऱ्या बाईने ते मला सांगितले. आता मी तिला जाऊन सांगू का, की तुझ्या पोरानेच त्या माणसाला मरायला पाठवलं? तू मला माझा मुलगा दुसऱ्यांदा मारायला सांगते आहेस. मला ते जमणार नाही.

तुझ्या अब्बांना पट्टी वापरायची तर खुशाल वापरावी. त्याला माझ्या पत्राची काय गरज?

राधाकृष्ण लवांडे


अहमदनगर,
७ एप्रिल १९७३

आदरणीय गुरुजी,

पारितोषिकाचं मी आता काही बोलणार नाही. ज्याला द्यायचं त्याला द्या, मला खरोखर राग नाही. काकूंबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी रडले. त्यांना दुखवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पण तुम्ही विचारलंत, पट्टी वापरायला माझ्या पत्राची काय गरज. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

मी मॅनेजरांना भेटले. ते नीट बोलले. म्हणाले, बाई, कारखान्याचा नियम कंदिलाचा आहे, तो एका केमिस्टच्या मरणातून शिकून केलेला आहे, तुमच्या कागदासाठी मी तो कसा मोडू? मग मी अब्बांकडे पट्ट्यांची पुडी दिली. मॅनेजर काही म्हणोत, उतरण्याआधी तुम्ही गुपचूप सोडा, असं सांगितलं. त्यांनी पुडी तंबाखूच्या चंचीत ठेवली आणि वापरणार नाही म्हणाले.

मी भांडले, अम्मीने शपथा घातल्या. शेवटी ते बोलले ते असं. "चार मानसांपुढं म्या पट्टी सोडली तर लोक इचारतील, कंदील असताना पट्टी कशापायी? मंग समदं बाहेर येनार. गुरुजींच्या वसरीवर बसून म्या जे बोललो ते खोटं पडनार. त्यापरीस उतरलेलं बरं. वर आलो तर आलो."

गुरुजी, माझा बाप तुमच्यापुढे बोललेल्या शब्दाला बांधलेला आहे. तुम्हाला सांगितलेलं खोटं पाळण्यासाठी तो त्याच टाकीत उतरणार आहे. त्याला मी सोडवू शकत नाही, अम्मी सोडवू शकत नाही. तुमचं दोन ओळींचं कार्ड पुरेल, 'नबीलाल, मला खरं कळलं आहे, पट्टी वापर.' काकूंना कळण्याचं कारण नाही. जगाला कळण्याचं कारण नाही.

टाकी सोळा तारखेला उघडणार आहेत. इथे प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत, पंधराला संध्याकाळी सुटताच मी नागझरीला जाणार आणि टाकीच्या तोंडावर जाऊन बसणार. पण मला ओढून बाजूला करतील. तुमचं कार्ड असलं तर करणार नाहीत.

सरवरी


नागझरी,
१२ एप्रिल १९७३

चि. सरवरीस,
आशीर्वाद.

तुझे अब्बा सुखरूप आहेत. हे आधी वाच, मग खाली बसून बाकीचं वाच.

तुझं पत्र आल्यावर मी कार्ड लिहायला घेतलं. दोन ओळींसाठी तीन कार्डं फुकट गेली. 'मला खरं कळलं आहे' हे शब्द लिहिले की पुढे हात चालेना. मग वाटलं, माझ्या समाधानासाठी एक माणूस त्याच टाकीत उतरतो आहे आणि मी इथे अक्षर कसं आलंय ते बघत बसलोय. कार्ड फाडलं. पारितोषिकाच्या सभागृहाचं पाहायला नगरला जातो असं काकूला सांगितलं आणि निघालो. नगरला तुझ्या कॉलेजवरून गेलो, पण आत आलो नाही. तुझ्याशी बोलण्यात सगळं अवसान संपलं असतं.

मॅनेजरांना भेटून शांतपणे बोलायचं असा बेत होता. फाटकावर कळलं, साहेब टाकीवर आहेत. पाण्याची घाई म्हणून सोळाची वाट न पाहता आजच टाकी उघडली होती. सरवरी, या वयात मी पळालो. धोतराचा सोगा हातात धरून कारखान्याच्या आवारात पळणारा मास्तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिला.

कंदील आत सोडलेला होता आणि स्वच्छ जळत होता. तुझ्या अब्बांच्या कमरेला दोर बांधून झाला होता. मला पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वाकून सलाम केला आणि शिडीकडे वळले, जणू मी बोलायच्या आत त्यांना खाली जायचं होतं. मी त्यांच्या कमरेचा दोर धरला.

"नबीलाल," मी म्हटलं, "त्या दिवशीही कंदील असाच जळत होता ना?"

ते दोराची गाठ चाचपत राहिले. दहा-पंधरा माणसं होती, मॅनेजर होते. मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही, पण वर्गात शिकवताना निघायचा तसा निघाला. मी म्हटलं, "पुंजाराम आपल्या घाईने मेला नाही. माझ्या मुलाने कंदील पाहिला, हवा चांगली आहे म्हणाला आणि त्याला खाली पाठवलं. त्याची चूक झाली. मी त्याचा बाप हे सांगतो आहे."

तेव्हा तुझे अब्बा मटकन खाली बसले आणि म्हणाले, "व्हय गुरुजी. जळत व्हता." मग म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला. मी त्यांच्या चंचीतून पुडी काढायला लावली. तंबाखूचा वास लागलेली पट्टी त्यांनी कंदिलाशेजारी दोरीला बांधून सोडली. वर ओढली तेव्हा ती काळी होती. पुन्हा दुसरी सोडली, तीही काळी. आणि कंदील आपला खाली जळतच होता. मॅनेजरांनी स्वतः वाकून तो पाहिला आणि माणसांना मागे सरायला सांगितलं. आता पंप लावून टाकी उपसणार आहेत आणि पंख्याने हवा मारणार आहेत, पट्टी पांढरी राहीपर्यंत कोणी उतरायचं नाही असं ठरलं. मी कोंबडं झाकून ठेवायला निघालो होतो, आणि त्यापायी उजाडायच्या आत आणखी एक जीव गेला असता.

तिथून मी छबूबाईकडे गेलो. तुझे अब्बा बरोबर आले, रस्ता न बदलता. ती बाहेर गोवऱ्या रचत होती. आम्ही दोघांनी तिला सांगितलं, आधी मी, मग त्यांनी. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. तिने हात पुसले आणि एवढंच विचारलं, "हे आता मला सांगितलं. चार मानसांत सांगाल का?"

मी हो म्हणून आलो आहे. म्हणून सहा मेला पारितोषिक तुलाच दिलं जाईल, पुण्याला मी तार केली आहे. आणि तिसरं कलम तू व्यासपीठावरून मोठ्याने वाचायचं, कारखान्याच्या आणि माणसांच्या नावांसकट. ही माझी अट समज.

रात्री तुझ्या घरी जेवलो. तुझ्या अम्मी हाजराबींनी तिखट बेताचं केलं होतं. अब्बा आणि मी फारसं बोललो नाही, पण ते मला तंबाखू मळून द्यायला विसरले नाहीत.

तुझा,
गुरुजी


अहमदनगर,
१६ एप्रिल १९७३

आदरणीय गुरुजींस,
सरवरीचा सलाम.

तुमचं पहिलं वाक्य वाचून मी खरंच खाली बसले. तुम्ही माझा बाप परत दिलात. याच्यापुढे मला लिहिता येत नाही, सुचलं की लिहीन.

पण एक विचारते, रागावू नका. तुमच्या पत्रात टाकी आहे, छबूबाई आहे, अम्मीचं जेवण आहे. काकू कुठेच नाहीत. त्यांना तुम्ही सभागृह पाहायला जातो म्हणून सांगितलंत. मग सहा मेला पुढच्या रांगेत बसून त्या तिसरं कलम पहिल्यांदा ऐकणार का? व्यासपीठावरून मी त्यांच्या तोंडाकडे कशी बघू? तुम्ही त्यांना घरी सांगितल्याशिवाय मी ते वाचणार नाही. तुमची अट तशी ही माझी अट. पदक दुसऱ्याला द्यावं लागलं तरी चालेल.

अब्बांचं पत्र आलं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. छबूबाईला आमच्या घरी बोलावलं होतं आणि ती आली होती. टाकी अजून उपसताहेत, पट्टी अजून काळीच पडते.

तुमची,
सरवरी


तिसगाव,
२१ एप्रिल १९७३

चि. सरवरीस,
अनेक आशीर्वाद.

तू शिष्या खरी, पण मास्तरचा कच्चा धडा बरोबर ओळखलास. घरी आल्यापासून आठवडाभर मी काकूशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होतो. भर टाकीवर पंधरा माणसांत जे बोललो ते एका बाईसमोर बोलायची माझी छाती नव्हती. तुझं पत्र काल आलं. तिने विचारलं, सरवरी काय म्हणते. मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. ती म्हणाली, तुमी नगरहून आल्यापून माझ्याकडं बघत न्हाई, काय झालंय ते सांगा.

ती बाजरी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. कंदील जळत होता, गोरखने वाकून पाहिलं, पुंजारामला जा म्हणाला. तो खाली बसला. नबीलालने जाऊ नका म्हटलं, आणि 'मीच धाडलाय त्याला' म्हणून गोरख शिडीला लागला. माझं बोलणं संपलं तरी तिचे हात थांबले नव्हते. सुपातले खडे ती एकेक करून बाजूला काढत होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. ती पुन्हा वर्षभरासाठी मुकी झाली तर काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

खडे काढता काढता तिने विचारलं, छबूबाईची चुलीची सोय काय आहे, तिच्याकडे बघतं कोण. मला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, चार वर्षांत आपण एकदा तरी विचारायला हवं होतं, सहा तारखेच्या आधी मला तिच्याकडे घेऊन चला. मग तिने सूप खाली ठेवलं.

मी म्हटलं, पदकावरचे शब्द बदलून घेऊ का. तुला नको वाटत असतील तर नुसतं नाव ठेवू. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी वर्षं शाळेत शिकवून मला काहीच कळत नाही. सरवरी, ती जे बोलली ते तू सहा मेला तिसऱ्या कलमाच्या शेवटी वाच. शास्त्रीय निबंधात ते बसत नाही असं पुण्याचे प्राध्यापक म्हणतील, म्हणू देत.

ती म्हणाली, "शब्द कशापायी बदलता? चुकला तर चुकला. पर त्यानंच धाडलं, आन आनाया बी त्योच गेला. एवढं मला चार वर्सं का सांगितलं न्हाई?"

तुझा,
राधाकृष्ण लवांडे गुरुजी